तार तोडू नये

गावाच्या नावातच लोखंड आहे,
भट्ट्या मात्र विझून शतक उलटलं.
आता या दरीत मोटरी होतात,
व्हॅक्युम क्लीनरच्या, मुठीत मावतील एवढ्या,
आणि घराघरातून बायका अजून लेस विणतात
गोल उशीवर, लाकडी फिरक्यांच्या टकटकाटात.

मला सांगितलं होतं: सतरा सेंट कमी कर.
एका मोटरीमागे सतरा.
हिवाळाभर पै-पै हुडकत बसलो.
चुंबकाचा आकार साधा केला,
बेअरिंग एकाच ठोक्यात बसेल असं केलं,
स्क्रू चार होते, तीन केले, मग एकही नाही,
झाकण नुसतं टचकन बसतं.
तिन्ही सेन्सर काढून टाकले:
तारेच्या तीन टोळ्यांपैकी दोन कामाला जुंपलेल्या असतात
तेव्हा तिसरी मोकळी असते,
रोटर कुठवर आला ते तिच्यात आपोआप उमटतं.
रिकाम्या बसलेल्याला सगळं कळत असतं,
आमच्या चर्चसमोरच्या बाकावर हे कधीच सिद्ध झालंय.

नऊ सेंट.
उरलेले आठ झोफ्काच्या बोटांत होते.

अखंड पोलादी कडं, आतल्या अंगाला दात,
दातांमधली फट अशी
की यंत्राची सुई शिरताना अडखळते.
झोफ्का अडखळत नसे.
बारा दात, दर दाताला बावीस वेढे,
अकरा मिनिटं, त्यात एखादी जांभई धरून.

म्हणून मी कडंच मोडलं.
बारा तुकडे, पाठीशी नाजूक बिजागरीनं जोडलेले;
उलगडलं की सरळ पट्टी, कंगव्यासारखी,
दातांना मोकळी हवा.
यंत्र सरसर गुंडाळतं,
मग पट्टी वळवून टोकाला टोक भिडवायचं.
चाळीस सेकंद!
पण दर दाताची दोन टोकं, म्हणजे चोवीस,
चोवीस शेंड्या खरवडायच्या, पिळायच्या, झाळायच्या.
वाचवलेलं सगळं झाळकामानं खाल्लं.
आगीतून फुफाट्यात.

कंगवा तिच्या टेबलावर ठेवला, नुसता दाखवायला.
तिनं चष्मा कपाळावर चढवला.
"यर्नेय, एक फूल विणून झालं
म्हणून कुणी दोरा तोडतं का?
मागच्या अंगानं न्यायचा पुढच्या फुलाकडे."
आणि नखानं दाखवलं:
हा दात, मग शेजारचा उलटा,
मग चार सोडून पुढचे दोन.
तीन तारा. सहा टोकं. संपलं.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे.
मी तारेवरून आठ सेंट गाठले.

ड्रॉइंगवर, तिसऱ्या आवृत्तीत, टीप चौथी:
एका फेजमध्ये तार तोडू नये.
स्लोव्हेनियन आणि जर्मन, दोन्ही भाषांत.
खाली आखणारा, तपासणारा, मंजूर करणारा,
तीन चौकटी, तीन सह्या.
चौथी चौकट नव्हती.
चौकटी मीच आखतो.

वसंतात वाइंडिंगची खोली रिकामी झाली.
नऊ खुर्च्या कुठे गेल्या ठाऊक नाही,
तिथे आता पुठ्ठ्याची खोकी.
झोफ्काला दोन वर्षं आधी पेन्शन,
आणि घड्याळ. त्याची मोटर परक्या देशातली.

परवा तिच्याकडे गेलो.
डोंगरावर बर्फ होता अजून, बूट दारात झटकले.
उशीवरून नजर न काढता तिनं विचारलं,
"किती वाचले?"
"आठ सेंट."
"आणि वर्षाला मोटरी किती?"
मी आकडा सांगितला.
ती फिरक्या मोजत होती की गुणाकार करत होती,
मला कळलं नाही.

आतल्या खोलीत सुनेनं व्हॅक्युम क्लीनर लावला,
आमचाच, जुन्या जातीचा,
सुरू होताना किंचित कुरकुरला.
झोफ्काचे हात थांबले.
"हा रेझ्कानं गुंडाळलेला," ती म्हणाली,
"ती नेहमी एक वेढा जास्त घ्यायची."